सेनादलांतील नेत्रवैद्याची घडण

(चंदनसार, जि. पालघर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेले भाषण)



विरारहून सुटणारी उपनगरी गाडी ज्या चर्चगेट स्थानकात जाऊन थांबते, तेथून काही अंतरावर, कुलाब्याच्या टोकाला, भारतीय नौदलाचे मोठे रुग्णालय आहे. ‘अश्विनी’ हे त्याचे नाव. देवांचे वैद्य म्हणून ज्यांची ख्याती, त्या अश्विनीकुमारांवरून ते ठेवण्यात आले. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी केलेल्या उपकारांचे जे स्मरण आहे, त्यात ऋज्राश्व नावाच्या एका तरुणाची कथा येते. लांडगीची भूक भागविण्यासाठी त्याने शंभर मेंढ्या कापल्या. संतापलेल्या पित्याने त्याला आंधळे केले आणि अश्विनीकुमारांनी त्याला पुन्हा डोळे दिले.

देवांच्या वैद्यांना ही विद्या उपजतच लाभली असेल. माणसाच्या वैद्याला ती वर्षानुवर्षे शिकावी लागते. सैनिकाच्या डोळ्यांची निगा राखणारा वैद्य कोठे, कसा आणि किती काळ शिकतो, हा आजच्या भाषणाचा विषय होय. विरार पूर्वेकडील चंदनसारसारख्या वस्तीत, जेथे शेते आणि कारखाने शेजारी शेजारी आहेत, हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे शेवटपर्यंत स्पष्ट होईल अशी आशा आहे.

सैन्याला नेत्रवैद्य का लागतो?

मनुष्याच्या शरीराच्या दर्शनी पृष्ठभागाचा विचार केला, तर डोळ्यांनी व्यापलेला भाग अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. एवढ्याशा जागेला युद्धात इजा व्हावी तरी किती? अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात जखमींमध्ये डोळ्याच्या जखमांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. १९९१ च्या आखाती युद्धात ते सुमारे १३ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. याचे कारण उघड आहे. तोफगोळे, सुरुंग आणि बॉम्ब यांच्यापासून उडणाऱ्या बारीक कपच्या आधुनिक युद्धात सर्वाधिक इजा करतात. छातीवर चिलखत चढले, डोक्यावर शिरस्त्राण आले, पण पाहण्यासाठी डोळा उघडाच ठेवावा लागतो. जी कपची दंडात शिरली असता केवळ मलमपट्टीने भागते, तीच डोळ्यात शिरली तर माणसाचे जग अंधारते.

शांततेच्या काळातही हे काम थांबत नाही. भारतीय सेनादलांत प्रत्येक जवानाची वैद्यकीय श्रेणी पाच अंगांनी ठरविण्यात येते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी ही ती पाच अंगे. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘शेप’ म्हणतात. यातील अखेरचे अक्षर डोळ्यांचे. एखादा जवान बंदूक चालवील की नाही, वाहन हाकील की नाही, उंच शिखरावर जाईल की नाही, हे नेत्रवैद्याच्या अभिप्रायावर अवलंबून असते. तो अभिप्राय चुकला, तर त्याचा परिणाम त्या जवानापुरता मर्यादित राहत नाही. त्याच्या तुकडीलाही तो भोगावा लागतो.

पुण्यातील विद्यापीठ

या शिक्षणाचे देशातील एक प्रमुख केंद्र महाराष्ट्रात आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आरंभी येथे सेवेतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात येत असे. पदवीपूर्व अभ्यासक्रम ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाला. महाविद्यालयास दक्षिण कमांडचे रुग्णालय जोडलेले असून पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या असतात. पदव्युत्तर जागांसाठी सेवेतील अधिकाऱ्यांना अग्रक्रम असतो आणि मित्रराष्ट्रांच्या सेनादलांतील डॉक्टरही येथे शिकावयास येतात.

येथे येणारा सेवेतील अधिकारी कोऱ्या पाटीचा नसतो. पदवी घेतल्यानंतर त्याने बहुधा काही वर्षे एखाद्या पलटणीचा वैद्यकीय अधिकारी म्हणून काढलेली असतात. सीमेवरील ठाण्यात, जेथे विशेषज्ञ नाही आणि रुग्णालय दूर आहे, तेथे त्याने जवानांचा ताप, जखमा आणि तक्रारी सांभाळलेल्या असतात. आपल्यापाशी नेमके काय नाही, याचे ज्ञान त्याला तेथेच होते. ही उणीव मनात घेऊन तो पुढील शिक्षणास येतो.

निवासी म्हणजे काय?

विशेषज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरास ‘निवासी’ डॉक्टर म्हणतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडले, तेव्हा विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने तेथे शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून, टप्प्याटप्प्याने जबाबदारी वाढवीत शिकविण्याची पद्धत रूढ केली. पुढे ती जगभर पसरली. आपल्याला मात्र ही कल्पना नवी नाही. गुरुगृही राहून विद्या संपादन करावी, हीच आपली जुनी रीत होती.

नेत्रशल्यशास्त्रातील हे पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी बाह्यरुग्ण विभागात डोळा तपासावयास शिकणे हेच मुख्य काम. चष्म्याचा नंबर काढणे, सूक्ष्मदर्शक दिव्याखाली बुबुळाचा पारदर्शक पडदा न्याहाळणे, डोळ्यातील दाब मोजणे, बाहुली मोठी करून आतील दृष्टिपटल पाहणे या गोष्टी शेकडो वेळा कराव्या लागतात. ज्याला नीट पाहता येत नाही, त्याच्या हाती शस्त्र देण्यात येत नाही.

त्यानंतर हाताचे शिक्षण सुरू होते, पण तेही प्रथम माणसावर नव्हे. बकऱ्याच्या डोळ्यावर सूक्ष्मदर्शकाखाली छेद घेणे व टाके घालणे यांचा सराव करावा लागतो. येथे सुश्रुताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक अध्याय आहे. शिष्याने सर्व शास्त्र शिकले असले तरी त्याच्याकडून आधी सराव करून घ्यावा, छेद घेण्याचा अभ्यास भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा, असे त्यात सांगितले आहे. मोतीबिंदूवरील शलाकाकर्माचे वर्णन करणारा हा ग्रंथ हाताच्या सरावाबद्दल इतका दक्ष असावा, यात नवल नाही.

पुढचा टप्पा साहाय्यकाचा. गुरू शस्त्रक्रिया करीत असतो आणि शिष्य शेजारच्या नळीतून तेच दृश्य पाहत असतो. मग एक दिवस शस्त्रक्रियेचा एक भाग, बहुधा सोपा, त्याच्याकडे सोपविण्यात येतो. तो जमला की दुसरा, मग तिसरा. अखेर एक संपूर्ण शस्त्रक्रिया शिष्य करतो व गुरू शेजारी बसून पाहतो. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद वहीत होते. मोतीबिंदूखेरीज काचबिंदू, तिरळेपणा, पापण्यांचे विकार, बुबुळाचे रोग आणि दृष्टिपटलाचे आजार यांचाही अनुभव घ्यावा लागतो. एका विषयावर प्रबंध लिहावा लागतो. त्यानंतर विद्यापीठाची परीक्षा.

पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याने सैन्यातील शिक्षण संपत नाही. असा अधिकारी प्रथम ‘ग्रेडेड स्पेशालिस्ट’ होतो. पुढे आणखी काही वर्षे अनुभव घेतल्यानंतर व त्याचे काम वरिष्ठांनी पारखल्यानंतर तो ‘क्लासिफाइड स्पेशालिस्ट’ म्हणून ओळखला जातो. त्यातील काहींना दृष्टिपटलासारख्या एखाद्या उपशाखेचे अधिक सूक्ष्म शिक्षण देण्यात येते. पदवी आणि पात्रता यांत सैन्याने हा जो फरक केला आहे, तो विचार करण्यासारखा आहे.

इतका खटाटोप कशासाठी? २०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिचे उत्तर बोलके आहे. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांतील अंधत्वापैकी ६६ टक्क्यांहून अधिक अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे होते. पण सुमारे ७ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे होते. म्हणजे ज्यांनी डोळस होण्याच्या आशेने डोळा पुढे केला, त्यांपैकीच काही जण आंधळे झाले. सर्वच दोष शस्त्र धरणाऱ्या हाताचा नसतो. नंतरची निगा आणि स्वच्छता यांचाही त्यात वाटा असतो. तरीही शिकविण्यात केलेली काटकसर कोणाला तरी डोळ्याने फेडावी लागते, हे यातून दिसते.

रणभूमीने शिकविलेले

सैनिकी नेत्रवैद्याला नागरी वैद्याच्या सर्व विद्येखेरीज आणखी काही गोष्टी शिकाव्या लागतात. बर्फाळ प्रदेशातील सूर्यप्रकाशाने होणारे हिमांधत्व ही त्यांपैकी एक. १९८४ पासून सियाचेनच्या हिमनदीवर आपले जवान उभे आहेत. बर्फावरून परावर्तित होणारे अतिनील किरण डोळ्यांवर पडले, म्हणजे बुबुळावरील पातळ आवरण भाजते. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी सुरू होते, पाणी वाहू लागते, उजेड सहन होत नाही. उपाय नंतर आहेच, पण खरा उपाय आधीचा, म्हणजे काळा चष्मा.

आता हेच वर्णन वसई तालुक्यातील एखाद्या कारखान्यात ऐकावे. काळी काच न धरता वेल्डिंग करणारा कारागीर मध्यरात्री डोळे चोळीत उठतो, त्याला नेमका हाच विकार झालेला असतो. सियाचेनचा जवान आणि वालिवचा वेल्डर यांची दुखापत एकच आहे. फरक एवढाच की, जवानाने चष्मा घातला आहे की नाही हे पाहणारा सुभेदार त्याच्या पाठीशी उभा असतो.

दुसरी गोष्ट फुटलेल्या डोळ्याची. कपची शिरून डोळ्याच्या गोलाला छिद्र पडले असता पहिल्या तासात काय करावे, यापेक्षा काय करू नये हे युद्धातील अनुभवाने ठरविले आहे. डोळा दाबू नये. चोळू नये. घट्ट पट्टी बांधू नये. मलम घालू नये. रुतलेली वस्तू ओढून काढू नये. डोळ्यावर कठीण वाटीसारखे झाकण असे ठेवावे की, त्याचा भार भोवतालच्या हाडांवर येईल आणि डोळ्याला स्पर्शही होणार नाही. मग जखमीला लवकरात लवकर मागे पाठवावे. फुटलेल्या डोळ्यावर दाब पडला, तर आतील नाजूक भाग बाहेर येतात आणि मग निष्णात शल्यविशारदालाही ते जागी बसविता येत नाहीत. शक्यतो २४ तासांच्या आत असा डोळा शिवला जावा, असा प्रयत्न असतो. विशेषज्ञाच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचे सार्थक व्हावयाचे की नाही, हे अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत एखादा शिपाई ठरवीत असतो.

युद्धाचे ऋण शांततेला

सैनिकांच्या डोळ्यांसाठी झालेल्या या प्रयत्नांचा लाभ सर्वसामान्य जनतेला कसा मिळाला, याची तीन उदाहरणे पुरेशी होतील.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांबरोबर डोळ्यांची एक भयंकर साथ इंग्लंडात पोहोचली. तिचा मोठा भाग म्हणजे आपण ज्याला खुपऱ्या म्हणतो तो रोग होता. या साथीला तोंड देण्यासाठी लंडनमध्ये १८०५ साली डोळ्यांच्या रोगांसाठी एक दवाखाना निघाला. तोच पुढे मूरफील्ड्स नेत्र रुग्णालय म्हणून जगप्रसिद्ध झाला. ज्या खुपऱ्यांमुळे हे घडले, त्या भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरल्या नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. एका सैनिकी साथीपासून सुरू झालेली वाट येथवर यावयास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसरे उदाहरण रंगांधत्वाच्या तपासणीचे. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचावयास लावणारी चित्रे आपण पाहिली असतील. वाहनचालक आणि रेल्वे कर्मचारी यांना ती दाखविण्यात येतात. शिनोबु इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टराने सैन्यभरतीच्या तपासणीसाठी ती तयार केली व १९१७ साली प्रसिद्ध केली.

तिसरे उदाहरण सर्वांत जवळचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छत्रीचे ॲक्रिलिकचे तुकडे शिरले. हॅरॉल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाच्या ध्यानात आले की, काचेच्या तुकड्याने डोळा सुजतो, पण हे तुकडे डोळा निमूटपणे सहन करतो. त्याच पदार्थाचे भिंग करून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. आज चंदनसारमधील एखाद्या आजीच्या डोळ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जे भिंग बसते, त्याचा उगम असा एका जखमी वैमानिकाच्या डोळ्यात आहे.

पहिली कडी आपल्या हाती

आता विषयाच्या खऱ्या मर्माकडे वळावयास हवे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम २०२० साली झाला. विशेषज्ञ गावाच्या जवळ येत आहे. पण तो कितीही जवळ आला, तरी अपघाताच्या क्षणी तो तेथे नसतो. तेथे असतात शिक्षक, कारखान्याचा मुकादम, शेजारी आणि पंचायतीचा सदस्य.

लुई ब्रेलची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. फ्रान्समधील एका खोगीर बनविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. १८१२ साली, तीन वर्षांचा असताना, वडिलांच्या कामाच्या जागी आरीशी खेळता खेळता त्याचा एक डोळा जखमी झाला. पुढे दुसरा डोळाही गेला आणि पाच वर्षांचा होईतो तो पूर्ण अंध झाला. अंधांना लिपी देणारा हा थोर पुरुष जगाला मिळाला खरा, पण प्रत्येक जखमी बालकाच्या नशिबी ब्रेल होणे नसते. एका डोळ्याची जखम दोन्ही डोळे नेऊ शकते, एवढा बोध त्यातून घ्यावयाचा.

आपल्या भागात धोके कोणते? पहिला धोका भाताचा. झोडणीच्या वेळी तूस किंवा कुसळ डोळ्यात उडते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याची आपण थट्टा करतो, पण स्वतःच्या डोळ्यातील खरे कुसळ फार महागात पडते. त्याने बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी वाढून व्रण होतो. अशा डोळ्यात औषधाच्या दुकानातून सल्ल्याविना आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, तर दोन दिवस बरे वाटते आणि बुरशी मात्र आतल्या आत फोफावते. दूध, मध, पाल्याचा रस या गोष्टीही डोळ्यात घालू नयेत.

दुसरा धोका चुन्याचा. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि चुना लहान मुलाच्या डोळ्यात जातो. येथे नियम नेमका उलटा आहे. रुग्णालयाची वाट न पाहता त्याच जागी स्वच्छ पाण्याने डोळा निदान अर्धा तास सतत धुवावा, पापण्यांच्या आतील चुन्याचे कण निघतील असे पाहावे आणि मगच निघावे. छिद्र पडलेला डोळा धुऊ नये. चुना, आम्ल किंवा अन्य रसायन गेलेला डोळा मात्र तात्काळ धुवावा. हा एक फरक प्रत्येक शाळेत शिकविता आला, तर त्याचे मोल फार मोठे आहे.

तिसरा धोका लोखंडाचा. छिन्नी, हातोडी, घासणीचे चाक यांतून उडणारा कण गोळीच्या वेगाने येतो. पॉलिकार्बोनेटचा साधा संरक्षक चष्मा तो अडवू शकतो. असा अपघात झालाच, तर स्वच्छ कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्यावर वाटीसारखा ठेवावा व कडेने चिकटपट्टी लावावी. जखमीला खावयास-प्यावयास देऊ नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागते. वाटेत छोट्या दवाखान्यांत वेळ न दवडता त्याला जेथे नेत्रशल्यविशारद आहे अशा रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांचे काम आणखी एक आहे. भिंतीवरील अक्षरांचा तक्ता, सहा मीटर अंतर आणि एकेक डोळा झाकणारा तळहात एवढ्या सामग्रीवर वर्गातील अंधुक दिसणारे मूल ओळखता येते. एक डोळा लहानपणी अंधुक राहिला, तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो आणि वय वाढल्यावर चष्म्यानेही तो पुरता सुधारत नाही. गावात जे माजी सैनिक आहेत, त्यांचीही या कामी मदत घ्यावी. सेवेत असताना वैद्यकीय तपासणीची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. कारखान्यातील तरुण त्यांचे ऐकतील.

सेनादलांत नेत्रवैद्य घडविण्यासाठी पदवीनंतर पलटणीतील काही वर्षे, निवासी शिक्षणाची तीन वर्षे आणि पुढील पारखीची आणखी काही वर्षे खर्ची पडतात. त्या हाताला काही करता यावे, यासाठी त्याच्यापर्यंत पोहोचणारा डोळा वाचविण्याजोगा असावा लागतो. तो तसा ठेवण्याचे शिक्षण तीन वर्षांचे नाही. ते एका तासिकेत देता येते. ती तासिका प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रामसभेत आणि प्रत्येक कारखान्यात व्हावी. भाताच्या झोडणीपूर्वी व्हावी, हे अधिक बरे.